पिठ्या ढेकूण: फळावर दिसण्याआधी खोडावर शोधा

पुरंदरची सीताफळं, जुन्नर-नारायणगावची द्राक्षं, इंदापूर-बारामतीकडचे पेरू आणि पपई, आणि कोथरूडच्या एखाद्या बाल्कनीतली जास्वंद. या सगळ्यांकडून वर्षातून एकदा तरी एकच प्रश्न येतो: "पांढरं पडलंय, काय मारू?" प्रश्नासोबत फोटो असतो आणि फोटोत हमखास फळ असतं. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचा पांढऱ्या कापसाने भरलेल्या, किंवा द्राक्षाच्या घडात देठाजवळ चिकट पांढरा थर.

फळावर पिठ्या दिसतो तेव्हा त्याच्या दोन-तीन पिढ्या त्या झाडावर होऊन गेलेल्या असतात. त्या खोडाच्या सुट्या सालीखाली, ओलांड्याच्या (द्राक्षवेलीच्या आडव्या फांदीच्या) खाचेत, मुळांजवळच्या मातीत आणि बांधावरच्या गवतावर वाढल्या. फळातल्या कापसाखाली औषध पोचत नाही, आणि काढणी जवळ आलेली असल्याने फारसं काही फवारताही येत नाही. म्हणून हा लेख फवारणीपासून सुरू होत नाही. मुंग्यांपासून आणि खोडापासून होतो.

आधी खात्री करा, तो पिठ्याच आहे का

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, ही मऊ अंगाची रस शोषणारी कीड. मादीला पंख नसतात. लांबी तीन-चार मिलिमीटर, अंगावर पांढरी मेणकट भुकटी. नर अगदी बारीक आणि पंख असलेला. तो काही खात नाही, त्यामुळे त्याच्याकडून नुकसानही नाही. मादी पांढऱ्या धाग्यांच्या पिशवीत अंडी घालते. द्राक्ष-सीताफळावरच्या गुलाबी पिठ्याची एक मादी दीडशेपासून सहाशेपर्यंत अंडी घालू शकते. उन्हाळ्यात एक पिढी साधारण महिनाभरात पुरी होते.

अंड्यातून निघालेलं पिल्लू फिकट रंगाचं, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं, आणि त्याच्या अंगावर मेण जवळपास नसतंच. चालतं ते हेच. वाऱ्याने उडतं, मजुराच्या बाहीला चिकटतं, क्रेटमधून दुसऱ्या गावी जातं. औषधाला बळी पडतं तेही हेच. पुढे प्रत्येक पायरीत या पिल्लाची वेळ गाठायची आहे.

आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार भेटतात. द्राक्ष, सीताफळ, पेरू आणि जास्वंदीवर गुलाबी पिठ्या (मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस). चिरडला की गुलाबी रस निघतो. सीताफळ आणि पेरूवर पट्टेरी पिठ्या (फेरिसिया व्हर्गाटा). पाठीवर दोन गडद पट्टे, मागे दोन लांब शेपट्या आणि अंगभर काचेसारखे बारीक तंतू. लिंबूवर्गीय झाडं आणि सीताफळावर प्लॅनोकॉकस सिट्री. आणि पपईवरचा पिवळसर अंगाचा पॅराकॉकस मार्जिनेटस. हा स्पिरिटमध्ये बुडवला की काळपट निळा पडतो, त्यामुळे तो घरच्या घरी ओळखता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची खबरदारी. पिठ्यासारखं दिसणारं सगळं पिठ्या नसतं, आणि बागेतला सगळ्यात चांगला मित्र नेमका पिठ्यासारखाच दिसतो. क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझायरी या ढालकिड्याची अळी पांढऱ्या मेणाच्या जाड झुबक्यांनी झाकलेली असते. पिठ्यांच्या घोळक्यातच ती फिरते आणि त्यांनाच खाते. ओळखायची रीत सोपी आहे. काडीने हलकेच डिवचा. पिठ्या जागच्या जागी बसून राहतो, फार तर रेंगाळत सरकतो. क्रिप्टोलेमसची अळी झटकन पळते. वाढलेली अळी पिठ्याच्या मादीपेक्षा दोन-तीन पट मोठी असते आणि तिच्या अंगावरचे झुबके लांब, विस्कटलेले असतात. "पिठ्या फार मोठा झालाय" म्हणून लोकांनी मला दाखवलेल्या फांद्यांवर बऱ्याचदा हीच अळी होती.

पपई आणि जास्वंदीवर आणखी एक पाहुणा असतो: स्पाल्गिस एपियस नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी. फुलपाखरांच्या अळ्या पानं खातात, पण ही पिठ्या खाते. तिचा कोष वरून पाहिला की हुबेहूब माकडाचं तोंड दिसतं. तो दिसलेल्या फांदीवर फवारा मारू नका.

पहिली पायरी: मुंग्यांच्या रांगेमागे जा

पिठ्या झाडाचा रस गरजेपेक्षा खूप जास्त ओढतो आणि उरलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. यालाच आपण चिकटा म्हणतो. चिकट्यावर काळी बुरशी वाढते, ती काजळी. काजळी पानात शिरत नाही, पण पान झाकून अन्न तयार होणं कमी करते, आणि काळवंडलेल्या फळाला बाजारात कोणी हात लावत नाही.

चिकटा मुंग्यांना हवा असतो. त्याच्या बदल्यात त्या ढालकिड्यांना आणि पिठ्यावर अंडी घालणाऱ्या परजीवी माश्यांना हुसकावून लावतात, आणि पिल्लांना नव्या फुटीवर पोचवतात. ज्या झाडावर मुंग्यांचा पहारा आहे, तिथे विकत आणून सोडलेले मित्रकीटक टिकत नाहीत. म्हणून मुंग्या आधी.

आठवड्यातून एकदा सकाळी बागेत फिरा आणि वर पाहण्याआधी खाली पाहा. ज्या खोडावर मुंग्या दोन्ही दिशांनी सलग चढ-उतर करतायत, ते झाड संशयित. रांग जिथे सालीखाली शिरते तिथे नखाने किंवा बोथट चाकूने सुट्या सालीचा पापुद्रा उचला. सीताफळाच्या जुन्या खोडावर असा पापुद्रा उचलला की आतल्या बाजूला पांढऱ्या पिशव्यांची ओळ दिसते, त्यात गुलाबी-केशरी अंड्यांचे दाणे, आणि उजेड पडताच धावणारी एक-दोन पिल्लं. त्या झाडाला लाल रिबीन बांधा. फळांवर अजून काहीही नसलं तरी.

पिल्लं कधी बाहेर पडतात हे कळायला दुहेरी चिकटपट्टी वापरा. संशयित पाच-सहा झाडांच्या खोडाला किंवा मुख्य फांदीला बोटभर रुंदीची पट्टी गुंडाळा आणि दर चार-पाच दिवसांनी भिंगाने पाहा. पट्टीवर फिकट पिवळे-गुलाबी ठिपके अचानक वाढले की पिल्लं निघाली असं समजा. पुढचे आठ-दहा दिवस कामाचे. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं तरी चालतं.

दुसरी पायरी: रिकाम्या हंगामातलं काम

सीताफळाला हिवाळ्याच्या शेवटी पानगळ होते. झाड उघडं पडतं, खोड पूर्ण दिसतं, पिठ्या खोडात आणि मातीत दबलेला असतो. त्याच्याशी लढायला वर्षातला सगळ्यात स्वस्त काळ हाच, आणि वाया जातो तोही हाच.

छाटणी करताना वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या काढा. झाडावर काळी पडून लटकलेली जुनी फळं एकेक करून उतरवा; त्यांच्या खाचांमध्ये पिठ्या पुढच्या बहाराची वाट पाहत असतो. हा सगळा माल बांधावर ढीग करून ठेवू नका. ढीग सुकायला लागला की पिल्लं चालत पुन्हा बागेत येतात. खोल खड्ड्यात पुरा किंवा त्याच दिवशी नष्ट करा.

मग खोड. सुटी साल हाताने किंवा पोत्याच्या तुकड्याने घासून काढा. खाली गोणपाट अंथरून काढा, म्हणजे साल आळ्यात पडणार नाही. हिरवी जिवंत साल खरवडू नका. त्यानंतर जास्त दाबाच्या पाण्याने खोड आणि फांद्यांच्या बेचक्या धुवा. पाण्याच्या माऱ्याने अंड्यांच्या पिशव्या फाटतात आणि मेण निघून जातं, त्यामुळे नंतरचं औषध निम्म्याने जास्त कामाला येतं, असा माझा अनुभव. शेवटी आळ्यातली वरची माती हलवून उन्हाला उघडी करा. मुळं तोडण्याइतकी खोल नको.

द्राक्षात हीच वेळ एप्रिलच्या खरड छाटणीनंतर येते. ओलांड्यावरची आणि खोडावरची सुटी साल काढून बागेबाहेर न्यायची, खोड-ओलांडे धुवायचे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पुन्हा एकदा. घडात पाणी भरू लागल्यावर पिठ्या खोडावरून घडाकडे सरकतो आणि जानेवारी ते मार्च हा काळ सगळ्यात कठीण असतो. त्या वेळी हाती फारच थोडे उपाय उरतात. एप्रिलमध्ये घासलेला एक ओलांडा मार्चमधल्या तीन फवारण्यांच्या बरोबरीचा आहे, असं मी ठामपणे सांगते.

बांधाकडेही पाहा. गाजर गवत, पेठारी, जास्वंदीचं कुंपण, ही पिठ्याची वर्षभराची वसतिस्थानं. गाजर गवताची भारतातली पहिली दखल १९५०च्या दशकात पुण्यातच घेतली गेली, आणि आज जिल्ह्यातला एकही बांध त्यातून सुटलेला नाही. फुलं येण्याआधी उपटा. मात्र बागेत पिठ्याची पिल्लं फिरत असताना पिठ्याने भरलेलं तण एकदम कापू नका. ते सुकताच सगळी कीड फळझाडाकडे निघेल. आधी त्या तणावर साबणाचं पाणी किंवा निंबोळी अर्क मारा, मग उपटा.

तिसरी पायरी: मुंग्यांची वाट बंद

खोडाभोवती जमिनीपासून दीड-दोन फुटांवर साधारण पाऊण ते एक फूट रुंदीचा प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधा. खालची आणि वरची कड सुतळीने आवळा, खडबडीत सालीतल्या फटी ओल्या मातीने बुजवा, आणि पट्ट्यावर मधोमध ग्रीसचा जाड थर द्या. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. धूळ बसून थर कोरडा पडला की नवा द्या. आंब्यावरच्या मोठ्या पिठ्यासाठी उत्तर भारतात हाच उपाय डिसेंबर-जानेवारीत करतात, कारण तिथे पिल्लं मातीतून खोडावर चढतात.

पट्टा लावून काम झालं असं मात्र नाही. एक फांदी जमिनीला टेकली, एक उंच गवत पानाला लागलं, की मुंग्यांना पूल मिळाला. द्राक्षात मांडवाच्या तारा, अँगल आणि ठिबकची नळी हेच पूल असतात, म्हणून तिथे पट्ट्यापेक्षा आमिष उपयोगी पडतं.

आमिष असं करा: एक लिटर कोमट पाण्यात १०० ते २०० ग्रॅम साखर आणि ५ ते १० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. कॅरमबोर्डावर टाकायची म्हणून पूर्वीपासून माहीत असलेली पावडर ती हीच. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डब्यात कापसाचा बोळा ठेवून त्यावर हे पाणी ओता आणि डबा मुंग्यांच्या रांगेजवळ ठेवा. पावडरीचं प्रमाण वाढवायचा मोह टाळा. जास्त झाली तर मुंगी वाटेतच मरते; कमी असेल तर ती आमिष वारुळात नेते, राणी आणि पिल्लांना भरवते. आठवडा-दोन आठवड्यांत रांगा विरळ होतात. डबे मुलं, कुत्री आणि कोंबड्यांच्या वाटेत ठेवू नका, वर चिठ्ठी लावा.

चौथी पायरी: मित्रकीटक सोडणं

क्रिप्टोलेमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८मध्ये आणला गेला. सीताफळ आणि द्राक्षासाठी आपल्याकडे हेक्टरी साधारण १,५०० भुंगेरे (वाढ पूर्ण झालेले ढालकिडे), म्हणजे एकरी ६००, सोडायची शिफारस आहे. पण सगळ्या बागेत एकसारखे उधळू नका. लाल रिबीन बांधलेल्या झाडांवर सोडा, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पिठ्या नसलेल्या झाडावर सोडलेला भुंगेरा उडून जातो.

सोडण्याआधी मुंग्या कमी झालेल्या हव्यात आणि मागचे दोन-तीन आठवडे तीव्र कीटकनाशक मारलेलं नसावं. सोडल्यानंतरही तेवढाच धीर धरा. पहिले आठ-दहा दिवस काही घडत नाही असं वाटतं, आणि इथेच लोक घाईने फवारा काढतात. दोन आठवड्यांनी पांढऱ्या, चपळ अळ्या दिसू लागल्या की काम सुरू झालं.

जुलै ते सप्टेंबर, हवेत भरपूर ओलावा असताना, लेकॅनिसिलियम लेकॅनी (जुनं नाव व्हर्टिसिलियम) ही बुरशी चांगली चालते. लिटरला ४ ते ५ ग्रॅम, सोबत चांगला स्प्रेडर (औषध नीट पसरवणारं द्रव्य), संध्याकाळी. त्याच टाकीत बुरशीनाशक मिसळू नका. चार-पाच दिवस आधी-नंतरही मारू नका. बुरशीनाशक या उपयोगी बुरशीलाही मारतं. आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात हिच्यावर पैसे घालू नका.

पपईची गोष्ट वेगळी आणि मला फार आवडणारी. पॅराकॉकस मार्जिनेटस मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. २००८मध्ये तो कोइमतूरला सापडला आणि दोन वर्षांत पपई, तुती, शेवंतीपासून सागापर्यंत पसरला. फवारे मारून शेतकरी थकले. २०१०मध्ये शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोतून तीन परजीवी माश्या आणवल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपई ही सगळ्यात यशस्वी ठरली. डोळ्यांना ठिपक्याएवढी दिसणारी ही माशी पिठ्याच्या अंगात अंडी घालते आणि पिठ्या आतून पोखरला जातो. आज ती आपल्याकडे बागांमध्ये नांदते आहे. पपईच्या पानामागे फुगलेले, तपकिरी, कडक झालेले पिठ्या आणि त्यांना गोल भोकं दिसली तर ते तिचंच काम. असं दिसलं तर काहीही फवारू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या तीव्र कीटकनाशकाचा एक फवारा या माशीला संपवतो, आणि मेणाखालचा पिठ्या दुप्पट जोमाने परततो.

पाचवी पायरी: फवारणी, लागलीच तर

चिकटपट्टीवर पिल्लं दिसली तरच. आधी सौम्य उपाय. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून गाळून. त्यात थोडा पातळ साबण. पिल्लांवर फिश ऑइल रोझिन सोपही चांगला चालतो. पपईचं कोवळं पान कोणत्याही साबण-तेलाने भाजू शकतं, म्हणून आधी एका झाडावर मारून दोन दिवस थांबा.

द्राक्षात ब्युप्रोफेझिन हे कीटकनाशक वापरलं जातं. ते पिल्लाची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, मोठ्या मादीला मारत नाही. मादी पाहून "औषध लागू पडलं नाही" म्हणत दुसऱ्या दिवशी दुसरं औषध मारणं म्हणजे पैसे आणि मित्रकीटक दोन्ही घालवणं. अंड्याच्या पिशवीत काहीच पोचत नसल्याने बारा-पंधरा दिवसांनी पट्टी पुन्हा पाहून गरज असेल तरच दुसरी फवारणी, आणि ती वेगळ्या गटातल्या औषधाची. नोझल खोडाकडे आणि बेचक्यांकडे वळवा. पानांची वरची बाजू ओली करून पिठ्याला काही होत नाही.

कुठलं औषध, किती आणि काढणीआधी किती दिवस, हे त्या पिकाच्या लेबलवर पाहूनच ठरवा. निर्यातीच्या द्राक्षासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी हाच आधार, शेजाऱ्याची वही नव्हे. जुन्या पुस्तिकांत पिठ्यासाठी डायक्लोरव्हॉस आणि मिथाईल पॅराथिऑनच्या शिफारशी अजून वाचायला मिळतात. मिथाईल पॅराथिऑनवर २०१८मध्ये आणि डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२०पासून देशात बंदी आहे. दुकानाच्या मागच्या कपाटातून कोणी देऊ केलं तरी घेऊ नका.

सीताफळ फुलोऱ्यात असताना कीटकनाशक शक्यतो नकोच. या फुलात परागीभवन मधमाश्या करत नाहीत, फुलात शिरणारे बारीक भुंगेरे करतात. ते मेले की फळधारणा घटते आणि वाकडी फळं वाढतात.

पिठ्या कोणते रोग पसरवतो, आणि कोणते नाही

या बाबतीत खूप गोंधळ आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पपईचा रिंगस्पॉट हा विषाणू मावा पसरवतो. पानं गुंडाळणारा लीफ कर्ल पांढरी माशी पसरवते. पपईवर पिठ्या मारून रिंगस्पॉट थांबणार नाही. केळीचा पर्णगुच्छही माव्यामुळेच. मात्र केळीचा स्ट्रीक विषाणू पिठ्यामुळे पसरतो: पानांवर शिरांच्या दिशेने तुटक पिवळ्या रेषा येतात, त्या पुढे तपकिरी-काळ्या पडतात. अननसात पिठ्या आणि मुंग्यांच्या जोडीने मर येते. पानं लालसर होऊन टोकाकडून सुकतात, मुळं खचतात. पुण्यात अननस नाही, पण कोकणात किंवा केरळात लागवड असलेल्या नातेवाइकांना ही ओळ जरूर दाखवा. पश्चिम आफ्रिकेत कोकोच्या फांद्या सुजवणारा विषाणू पिठ्यामुळेच पसरला. घानात तो १९३६मध्ये ओळखला गेला आणि त्यापायी कोट्यवधी झाडं तोडावी लागली.

आपल्या जिल्ह्यासाठी खरी चिंतेची बाब द्राक्षाचा लीफरोल. हा विषाणूंचा गट आहे, आणि त्यातला तीन क्रमांकाचा विषाणू पिठ्या सहज वाहून नेतो. मादीपेक्षा पिल्लं जास्त. काळ्या-लाल जातींत हंगामाच्या उत्तरार्धात पानं शिरा सोडून लाल होतात, शिरा हिरव्याच राहतात, आणि कडा खाली वळतात. थॉमसनसारख्या पांढऱ्या जातीत फक्त किंचित पिवळेपणा आणि कडांचं वळणं, त्यामुळे पालाशच्या कमतरतेशी गल्लत होते. फरक असा की कमतरता पट्ट्यात किंवा सगळ्या प्लॉटमध्ये दिसते. लीफरोल एखाद-दुसऱ्या वेलीपासून सुरू होऊन ओळीने शेजारच्या वेलींकडे सरकतो. घड उशिरा पिकतात, रंग आणि साखर कमी भरते.

लागलेल्या वेलीला औषध नाही. म्हणून विषाणू आत येण्याची वाट अडवा. आपल्याकडे शेतात खुंट (मुळांसाठीचा वेगळ्या जातीचा वेल) लावून त्यावर कलम करतात आणि काड्या ओळखीच्या बागेतून आणतात. लीफरोल बहुतेकदा इथेच शिरतो. खुंटावर तो लक्षणंही दाखवत नाही. काडी घेण्याच्या बागेत पानगळीनंतर जाऊ नका. आधीच्या हंगामात, पानं झाडावर असताना जा, वेली निवडून खूण करा, आणि शक्य असेल तर चाचणी करूनच काडी घ्या.

छाटणीच्या कात्रीने लीफरोल पसरत नाही, पण कात्री धरणाऱ्याच्या कपड्यांवरून पिल्लं पसरतात. म्हणून मजुरांचं काम नेहमी स्वच्छ प्लॉटमधून सुरू करा आणि रिबीन लावलेल्या प्लॉटमध्ये संपवा. रोगट वेल काढायची तर आधी तिच्यावरचा पिठ्या संपवा, मग मुळांसकट काढा. जमिनीत राहिलेल्या मुळांत विषाणू आणि पिठ्या दोन्ही बराच काळ टिकतात.

काढणी आणि क्रेट

पिठ्या लागलेली फळं शेवटी काढा आणि वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा. सीताफळावर थोडाच असेल तर मऊ ब्रश किंवा हवेच्या झोताने निघतो. काम बागेपासून दूर करा आणि खाली पडलेला कचरा गोळा करा. मार्केट यार्डातून परत आलेले क्रेट सरळ बागेत नेण्याची सवय सोडा. ते कोणाकोणाच्या बागेतून फिरून आलेत ते सांगता येत नाही. गरम पाणी आणि साबणाने घासून, दिवसभर उन्हात वाळवून मगच आत.

बाल्कनी आणि गच्चीसाठी

कुंडीतल्या पपई, सीताफळ, पेरूसाठी यातलं फारसं काही लागत नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पिठ्यांना टिपा, मग पाण्याचा जोरदार फवारा, आठवड्याने पुन्हा. कुंडीच्या खालच्या छिद्राशी मुंग्या असतील तर मुळांनाही पिठ्या असतो, माती झटकून पाहा. नर्सरीतून आणलेलं रोप, विशेषतः जास्वंद, दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.

ओळख पटत नसेल तर

नमुना पाठवा. पुरंदर भागातल्या अंजीर-सीताफळासाठी जाधववाडीचं संशोधन केंद्र, द्राक्षासाठी मांजरी, आणि बाकी फळांसाठी शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र. पाठवताना कीड लागलेली फांदी ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वाटेतच कुजते. फांदीचा तुकडा कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वरून बंद कागदी पाकिटात घाला, म्हणजे पिल्लं बाहेर पडणार नाहीत. काही पिठ्या वेगळ्या छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका. विषाणूची शंका असेल तर एकाच वेलीवरची जून पानं देठासकट काढा, सकाळी, आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत चिठ्ठीत पीक, जात, गाव, झाडाचं वय, पहिल्यांदा कधी दिसलं आणि गेल्या महिन्यात काय काय फवारलं ते लिहा. यातलं शेवटचं बहुतेक लोक लिहायचं टाळतात, आणि तपासणाऱ्याला सगळ्यात जास्त तेच हवं असतं.